धोट्याचं विस्थापन शून्य

मित्रांनो, मला धोटा म्हणतात. हा शब्द तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कानांवरून गेला नसेल, आणि शटल म्हटलं तर तुम्ही लगेच बॅडमिंटनचं पांढरं फूल शोधायला लागाल. त्या फुलाचं नि माझं काही नातं नाही. मी लाकडाचा आहे, हातभर लांब आहे, पोटात पोकळ आहे आणि दोन्ही टोकांना पोलादी टोप्या घातलेला एक म्हातारा आहे. आमच्या घरची ऋतिका लहान असताना मला होडी समजून बादलीत सोडायची. मी तरंगायचो, पण तेवढ्यानं कुणी होडी होत नाही. लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, आडवा धागा वाहून नेणं हे माझं खरं काम.

माझं लाकूड कुठल्या रानातलं, ते मला ठाऊक नाही. ओंडक्याला कुणी गाव विचारत नाही. करवत झाली, रंधा झाला, मग माझ्या पोटात कांडी बसेल एवढी खाच कोरली. कांडी म्हणजे धाग्याची लांबट गुंडाळी. एका कुशीला बारीक भोक पाडलं, त्याला डोळा म्हणतात. कांडीचा धागा त्या डोळ्यातून बाहेर पडतो. असा सजूनधजून मी भिवंडीच्या एका दुकानात येऊन पडलो, आणि तिथे मला राहनाळचा केसरीनाथ भेटला. त्याला मी अरेतुरे करतो, रागावू नका. तेवढा हक्क मी कमावला आहे.

केसरीनाथच्या घरची माणसं मूळची खाडीकाठची. बाजारात मासळी निवडावी तसं त्यानं मला उलटंपालटं केलं, कुशीला बोटानं दाबलं, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. "ह्यो सरळ हाय," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर माझं नशीब ठरलं. त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती, शेडमध्ये चार लूम होते, आणि त्यातल्या एकावर माझा संसार सुरू झाला.

आता लूमवर काय चालतं ते सांगतो. उभे धागे शेकड्यांनी ताणलेले असतात, त्यांना ताणा म्हणतात. त्यातले निम्मे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, आणि मधे एक लांबलचक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून मी या बाजूच्या पेटीतून त्या बाजूच्या पेटीत धावतो आणि मागे आडवा धागा सोडत जातो. मग वरचे धागे खाली, खालचे वर, आणि मी परत. जाणं नि येणं, दुसरं काही नाही.

लोक म्हणायचे, धोटा मोठा चपळ. खरं सांगू का? माझ्यासारखा आळशी शोधून सापडायचा नाही. कुणी ढकललं नाही तर मी पेटीत वर्षभर पडून राहीन. आणि एकदा ढकललं, की मग मला थांबायचाही कंटाळा. तुमच्या पुस्तकात याला जडत्व म्हणतात. केसरीनाथची बायको सीताबाई याला "हट्टी मेला" म्हणायच्या. दोन्हींचा अर्थ एकच.

अशा हट्टी जिवाला हलवायला बल लागतं. लूमच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा असतो. तो पाठीत असा फटका देतो की बल म्हणजे काय ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. फटका क्षणभराचा असतो, पुढची वाट मी माझ्या वेगावर कापतो. वाटेत खालचे धागे माझ्या पोटाला घासतात, ते घर्षण. माझी कूस खरखरीत झाली की धागे तुटायचे, म्हणून केसरीनाथ मला मांडीवर घेऊन पॉलिश पेपरनं घासायचा. लहान मुलाची पाठ चोळावी तसा घासायचा, आणि मला ते फार आवडायचं.

एकदा मात्र फटका वाकडा बसला. मी पेटी चुकवली आणि उघड्या दारातून थेट अंगणात गेलो. माझं टोक पोलादाचं, वाटेत कुणी असतं तर अनर्थ झाला असता. नशिबानं अंगणात सीताबाईंनी वाळत घातलेले बोंबील तेवढे होते. त्यात मी आडवा पडलो. सीताबाईंनी मला शेपटीला धरावं तसं उचललं आणि शेडमध्ये आणून केसरीनाथच्या पुढ्यात ठेवलं. "ह्यो घ्या तुमचा बोंबील. याचं काटं लोखंडाचं हायेत." दुसऱ्याच दिवशी केसरीनाथनं दाराला जाळी ठोकली. माझ्या अंगाचा वास जायला पुढे बरेच दिवस लागले. दोष माझा नव्हता मित्रांनो, जडत्वाचा होता.

कांडी संपली की केसरीनाथ नवी भरायचा. धाग्याचं टोक डोळ्यातून बाहेर काढायला तो माझ्या कुशीला तोंड लावायचा आणि श्वास आत ओढायचा. हवेच्या ओढीबरोबर धागा भोकातून सुळकन त्याच्या ओठांत यायचा. त्या वेळची ती कारागिरांची रीतच होती. छातीत कापसाची धूळ जाते म्हणून ती चांगली नव्हे, हे लोकांना पुढे कळलं. पण दिवसातून कितीतरी वेळा आपल्या अंगात कुणी श्वास ओढावा, असं जवळचं माणूस मला दुसरं मिळालं नाही. त्याच्या तोंडाला कधी चहाचा वास असायचा, कधी भाजलेल्या सुकटीचा, आणि त्याचा मुलगा भावेश झाला त्या दिवशी पेढ्याचा होता.

आता आवाजाची गोष्ट. प्रत्येक फेरीच्या शेवटी मी पेटीत आदळून थांबतो. खट्. तिकडून फटका, पुन्हा इकडे, खट्. चार लूमचे चार धोटे, आणि वर पत्र्याचं छप्पर. त्या खटाखटीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून लूमवरची माणसं कानानं ऐकत नाहीत, डोळ्यांनी ऐकतात. समोरच्याचे ओठ वाचतात. केसरीनाथ त्यात तरबेज झाला. लांबून कुणी ओठांतल्या ओठांत शिवी दिली तरी त्याला कळायची.

ओठ वाचता वाचता कान कधी गेले, ते त्यालाही कळलं नाही. आवाजाचं असं असतं, की बारीक आवाज आधी हरवतात, जाड आवाज उशिरा. आधी पाखरं गेली. मग सायकलची घंटी गेली. मग बायकांचं बोलणं पुसट झालं. सीताबाई म्हणायच्या, "बायकोचा आवाज पयला जातो, ह्यो रोग न्हाय, सोय हाय." सगळे हसायचे, केसरीनाथही त्यांचे ओठ वाचून हसायचा. पण भावेशला मुलगी झाली, ऋतिका, तेव्हा केसरीनाथ पाळण्यावर वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. तिची छाती वरखाली होत होती, तोंड उघडं होतं, म्हणजे ती रडत होती. एवढंच त्याला समजलं. त्या दिवशी लूमवर आला तेव्हा कांडी भरताना त्याचा श्वास दोनदा चुकला.

पुढे बिनधोट्याचे नवे लूम आले. आमच्या हातचं काम घटत गेलं. राहनाळमध्ये जिकडेतिकडे गोदामं उठली, आणि भावेशनं शेड एका पार्सलवाल्या कंपनीला भाड्यानं दिली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घर चालवायचं होतं. लूम उचलून नेले त्या दिवशी केसरीनाथ दारात उभा होता. त्यानं काही मागितलं नाही, फक्त मला खिशात घालायचा प्रयत्न केला. मी खिशात मावलो नाही, म्हणून हातात धरून घरी आणलं आणि पडवीत खाटेच्या वर खिळ्याला टांगलं.

तिथे मी बरीच वर्षं होतो. खाली खाटेवर केसरीनाथ असायचा. कधी कधी तो भिंतीला तळवा लावून बसायचा आणि म्हणायचा, "कंटेनर आला." थोड्या वेळानं खरंच पडघ्याकडून आलेला मोठा कंटेनर गल्लीत वळायचा. रस्त्याची थरथर जमिनीतून भिंतीत यायची, भिंतीतून हातात. कान गेले तरी कंप त्याच्यापर्यंत पोचत होते. ते बघून मला बरं वाटायचं. बाकी माझ्या अंगावर धूळ बसत होती, आणि मला कुणी पुसत नव्हतं.

मग ऋतिका नववीत गेली. तिच्या शाळेत विज्ञानाला निवेदिता मॅडम आहेत. त्यांनी मुलांना सांगितलं, घरातली एक हलणारी वस्तू आणा आणि तिच्या गतीबद्दल बोला. ऋतिकानं घरभर पाहिलं, आणि एका संध्याकाळी मला खिळ्यावरून काढलं.

केसरीनाथला जेव्हा कळलं की त्याचा धोटा शाळेत जाणार, तेव्हा त्यानं माझी अशी काही सेवा केली, की तशी नवरदेवाचीही होत नाही. आधी ओल्या फडक्यानं पुसलं, मग सुक्यानं. कूस घासली. ट्रंकेतून एक कांडी शोधून काढली, माझ्या पोटात बसवली, आणि तोंड लावून श्वास ओढला. पहिल्या वेळेला धागा आला नाही. दुसऱ्या वेळेला आला. सीताबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "एवढं तर लग्नात माझ्याकडं न्हाय बगितलं." केसरीनाथनं ते वाचलं आणि मान खाली घालून हसला.

मग ऋतिका भाषणाचा सराव करायला त्याच्यासमोर बसली. त्याला ओठ दिसावेत म्हणून तोंड उजेडाकडे केलं. माझं जडत्व सांगितलं, दांड्याचं बल सांगितलं, घर्षण सांगितलं. केसरीनाथ प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. शेवटी ती म्हणाली, "म्हणून धोट्याचं कार्य शून्य."

केसरीनाथनं भुवया उचलल्या. "कार्य? कोणाच्या घरी कार्य हाय गो?"

त्याच्या लेखी कार्य दोनच. एक मांडवातलं, दुसरं तेराव्याचं. ऋतिका खळखळून हसली.

"तसं कार्य नाही हो आजोबा. कार्य म्हणजे केलेलं काम. हे बघा." तिनं मला खाटेवर ठेवलं, टोकापर्यंत सरकवलं आणि परत जागेवर आणलं. "धोटा निघतो तिथेच परत येतो ना? म्हणून विस्थापन शून्य. आणि विस्थापन शून्य म्हणजे कार्य शून्य. पुस्तकातच आहे."

केसरीनाथनं माझ्याकडे पाहिलं. "जिनगीभर पळला, तरी झिरो?"

"हो. गंमत आहे ना?"

"हां," तो म्हणाला. "गंमत हाय."

ऋतिका दुष्ट नव्हती, मित्रांनो. उत्तर बरोबर आल्याचा तिला आनंद झाला होता, आणि तो आनंद तिनं आजोबांना दाखवला. ती आत जेवायला गेली. केसरीनाथ बसून राहिला. त्याची नजर अंगणापलीकडच्या शेडवर होती, जिथे आता पार्सलांचे खोके रचलेले असतात. रोज सकाळी तो घरातून त्या शेडमध्ये जायचा आणि रात्री शेडमधून घरात यायचा. निघाला तिथेच परत. माझ्यासारखाच. तो हिशेब त्यानं कुठल्याही पुस्तकाशिवाय लगेच केला, आणि तो करताना मी त्याचं तोंड पाहिलं. दांड्याचे एवढे फटके खाल्ले, पण असं मला कधी लागलं नव्हतं.

सकाळी भावेश गोदामातलं गंजकं सामान गोणीत भरत होता. भंगारवाला यायचा होता. केसरीनाथनं मला उचललं, पोटातली कांडी काढून खिडकीत ठेवली आणि मला घेऊन अंगणात गेला.

"ह्यो बी घाल त्यात."

"बाबा, हा तुमचा धोटा आहे," भावेश म्हणाला.

"झिरो काम केलेली वस्तू. भिंतीला कशाला भार? टोकांचं लोखंड तरी कामाला येल."

भावेशला काही उमगलं नाही. सकाळची गडबड होती, ट्रकवाला हॉर्न मारत होता. त्यानं मला गोणीत टाकलं. आत नट होते, बोल्ट होते, तुटकी कडी होती. त्या अंधारात मला भंगाराची भीती वाटली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ज्या माणसानं मला हातात घेऊन "सरळ हाय" म्हटलं होतं, तो आता मला शून्य समजत होता, आणि मला शून्य म्हणताना स्वतःलाही त्याच गोणीत टाकत होता.

ऋतिका दप्तर घेऊन पडवीत आली. खिळा रिकामा. तिनं भावेशला विचारलं, तेव्हा भावेशनं आजोबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. झिरो काम केलेली वस्तू.  मग तिनं गोणी उलटी केली, मला शोधून काढलं आणि धावत खाटेकडे गेली.

केसरीनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं हाका मारल्या, ओरडून मारल्या. पण पाठ फिरवलेल्या माणसाला ओठ दिसत नाहीत. आणि शाळेची रिक्षा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं खिडकीतली कांडी उचलून माझ्या पोटात बसवली, मला दप्तरात घातलं आणि डोळे पुसत निघाली.

वर्गात तिची पाळी आली तेव्हा ती नीट बोलली. जडत्व झालं, बल झालं, घर्षण झालं. "धोटा निघतो तिथेच परत येतो," ती म्हणाली, "म्हणून विस्थापन शून्य, आणि म्हणून..."  तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मॅडम, हे खरं आहे का? आजोबांनी आयुष्यभर धोटा चालवला. त्याचं सगळं शून्य?"

निवेदिता मॅडम जवळ आल्या. त्या चटकन उत्तर देणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि ऋतिकाला म्हणाल्या, "तूच ढकल. हळू. आणि बोट लागलेलं असतं तेवढ्याच वेळात काय होतं ते बघ."

ऋतिकानं ढकललं.

"बल कुठल्या दिशेला लावलंस?"

"तिकडे."

"आणि बोट लागलेलं असताना धोटा कुठे सरकला?"

"तिकडेच."

"मग कार्य झालं की नाही? ज्या बलाचं कार्य मोजायचं, ते बल लागत असताना वस्तू किती सरकली ते बघायचं. तू दिवसभराची सगळी ये-जा एकत्र केलीस आणि एकदम शून्य लिहिलंस. पलीकडे धोटा थांबला, तिथे उलट बाजूचं बल लागलं, त्यानं धोट्याची ऊर्जा काढून घेतली. म्हणून परत येताना दुसऱ्या दांड्याला नव्यानं कार्य करावं लागलं. प्रत्येक फेरीला नव्यानं." मग मॅडम हसल्या. "फुकट होत असतं, तर भिवंडीत लूमवाल्यांना विजेचं बिल कशाला आलं असतं?"

वर्ग हसला. अर्ध्या वर्गाच्या घरी ते बिल कधी ना कधी आलेलं होतं.

"पण मॅडम, ऊर्जा काढून घेतली म्हणजे ती संपली?" ऋतिकाची मैत्रीण दिशा पहिल्या बाकावरून म्हणाली.

"ऊर्जा संपत नाही, रूप बदलते. सांगा बरं, आदळून थांबताना कशात बदलत असेल?"

"उष्णतेत," कुणी म्हणालं.

"आणखी?"

ऋतिकानं तोंड उघडलं. "आवाजात," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली. मॅडमनी तिला पुढे काही विचारलं नाही. तास संपल्यावर फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मला टेबलावरून उचलताना ऋतिकाला आणखी एक गोष्ट दिसली. दिशानं गंमत म्हणून कांडीच्या धाग्याचं टोक धरून ठेवलं होतं. मॅडमनी ढकलायला सांगितलं तेव्हा मी टेबलभर गेलो होतो, मग ऋतिकानं मला परत जागेवर आणलं होतं, आणि माझ्यामागे टेबलावर धागा पडलेला होता. धोटा जागेवर होता. धागा मात्र परत आला नव्हता.

दुपारी ती घरी आली तेव्हा केसरीनाथ तसाच भिंतीकडे तोंड करून पडलेला. सीताबाई म्हणाल्या, "सकाळपासून उठला न्हाय, जेवला न्हाय." ऋतिकानं दप्तर टाकलं, खाट थोडी ओढली आणि खाट नि भिंत यांच्या मधल्या सांदीत स्वतः शिरली. आता केसरीनाथला दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही. तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर होतं.

"आजोबा, माझं चुकलं."

"बुकात लिवलंय ना?"

"बुकात बरोबर आहे. मी चुकीचं लावलं." मग ती हळूहळू, एकेक शब्द ओठांवर मांडत बोलली. दांडा दर फेरीला काम करतो, ते सांगितलं. ते विजेच्या बिलाचं सांगितलं, तेव्हा केसरीनाथच्या मिशा जरा हलल्या. तिनं मला त्याच्या छातीवर ठेवलं, धाग्याचं टोक त्याच्या बोटांत दिलं, मला खाटेच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं.

"धोटा परत आला. धागा आला का?"

केसरीनाथनं बोटांतला धागा पाहिला. खाटेवर पसरलेला धागा पाहिला. त्यानं अंगठ्यानं तो चाचपला, जसा कापडाचा पोत बघायचा तसा.

"न्हाय," तो म्हणाला. "धागा ऱ्हातो. कोणाच्या तरी अंगावर असंल अजून."

मग उठून बसला. मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "आणि पेटीत थांबताना? तवा तुझी ती ऊर्जा कुठं जाते?"

ऋतिकाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. ती म्हणाली, "थोडी गरम होण्यात जाते. थोडी आवाजात."

"आणि आवाज कुठं जातो?"

 केसरीनाथनंच आपल्या कानावर बोट ठेवलं.

"हिथं हाय," तो म्हणाला. "जमा."

तो हसत होता, पण ऋतिकानं त्याच्या मांडीवर डोकं टेकलं आणि रडली. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात, पॉलिश पेपरचा. मला तो हात ओळखीचा होता.

थोड्या वेळानं ती उठली. गोदामातल्या हमालांच्या चहाचा एक कागदी कप घेतला, त्याच्या बुडाला भोक पाडलं आणि कांडीवरचा धागा त्यात ओवून गाठ मारली. धाग्याचं दुसरं टोक माझ्या डोळ्याशी पक्कं बांधलं. मला केसरीनाथच्या हातात दिलं आणि माझी लाकडी कूस त्याच्या कानामागच्या हाडाला टेकवली. "असंच धरा," असं ओठांनी सांगून ती कप घेऊन अंगणातून गोदामाच्या शटरपर्यंत गेली. सीताबाई तांदळाचं सूप बाजूला ठेवून बघायला लागल्या. भावेशही दारात थांबला.

ऋतिकानं कपात तोंड घालून काहीतरी म्हटलं. धागा मधे झोळीसारखा लोंबत होता. माझ्यापर्यंत काही आलं नाही.

केसरीनाथनं न ऐकताच दोष ओळखला. आयुष्यभर त्यानं तेच तर पाहिलं होतं. "ढिला हाय गो," तो ओरडला. "ताण."

ती दोन पावलं मागे सरकली. धागा सरळ झाला. तिनं पुन्हा कपात तोंड घातलं, आणि मित्रांनो, तो आवाज आला. धाग्यावरून थरथरत आला, माझ्या डोळ्यातून शिरला, माझ्या सबंध लाकडातून गेला आणि पलीकडे केसरीनाथच्या हाडात उतरला. "आजोबा." एवढाच शब्द होता. धागा होता तिथेच राहिला, मीही जागचा सरकलो नाही, आणि तिचा आवाज मात्र अंगण ओलांडून गेला. यालाच तरंग म्हणतात. जन्मभर पळून जे जमलं नव्हतं, ते मी त्या दिवशी एका जागी राहून केलं.

केसरीनाथ हलला नाही. "परत बोल," तो म्हणाला.

ती परत बोलली. त्यानं डोळे मिटले. ओठ वाचणारा माणूस होता तो, डोळे मिटून ऐकायची सवय त्याला कधीच गेली होती. किती ऐकू आलं, किती नुसतं थरथरलं, आणि किती त्यानं मनानं जोडलं, ते मला विचारू नका. डोळे न उघडता तो एवढंच म्हणाला, "पातळ आवाज हाय पोरीचा. हिच्या आजीसारखा."

सीताबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे माझा आवाज ध्यानात हाय तर," त्या म्हणाल्या. ते त्यानं वाचलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण धूळ बसायला सवड मिळत नाही. कागदी कप माझ्या शेजारीच टांगलेला असतो. मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही, माझं ठीक चाललं आहे. तुमच्या घरीही एखादं माणूस असेल, ज्याचे कान कुठल्यातरी कामानं खाल्ले आहेत. त्याला पाठीमागून हाका मारू नका, आणि ऐकलं नाही म्हणून चिडू नका. समोर जा. जागा नसेल तर सांदीत शिरा. आणि तुमच्या नि त्याच्या मधला धागा लोंबू देऊ नका. ढिल्या धाग्यातून आवाज पलीकडे जात नाही.